पाचशे डॉलरचं सेमिस्टर : एलिझाबेथ सिटी स्टेटला अर्ज करण्याआधी

"वहिनी, इथं ट्यूशन पाचशे डॉलर लिहिलंय. एखादं शून्य टाकायचं राहिलंय का हो?"

आमच्या कॅरीतल्या शेजाऱ्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शून्य राहिलेलं नव्हतं. आमच्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एलिझाबेथ सिटी स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीच्या मुलांची ट्यूशन सेमिस्टरला राज्यातल्यांना ५०० डॉलर आणि बाहेरच्यांना २,५०० डॉलर आहे. २०१८ च्या फॉलपासून 'एनसी प्रॉमिस' या राज्याच्या योजनेत हा दर लागू झाला. भावोजींनी आकडा पुन्हा वाचला, खूश झाले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण ती ब्लॅक युनिव्हर्सिटी आहे ना?"

हो, आहे. त्यांचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. विमानांचं वेड, मार्क बरे, घरचा व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा. पुढच्या वर्षभरात त्याच्यासोबत मीही या विद्यापीठाचे फॉर्म, नियम आणि फीचे तक्ते वाचले. तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, किंवा भारतातून स्वस्त सरकारी विद्यापीठ शोधताना हे नाव समोर आलं असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

आधी घर कुणाचं ते ओळखा

अमेरिकी कायद्यात 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालय' म्हणजेच एचबीसीयू या शब्दाची नेमकी व्याख्या आहे: १९६४ च्या आधी, कृष्णवर्णीयांना शिकवणं हा मुख्य हेतू ठेवून सुरू झालेली मान्यताप्राप्त संस्था. अशा साधारण शंभर संस्था आज चालू आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी आहेत. हॉवर्डचं नाव कमला हॅरिसमुळे आपल्याकडे माहीत झालं, पण हॉवर्ड खाजगी आणि महाग. एलिझाबेथ सिटी स्टेट सरकारी आणि छोटं, पट दोन हजारांच्या आसपास. प्रवेश सगळ्यांना खुला आहे. देशभरच्या एचबीसीयूंमध्ये दर चार विद्यार्थ्यांत एक कृष्णवर्णीय नसलेला असतो.

या विद्यापीठाचा जन्म एका विधेयकातून झाला. पॅस्क्वोटँक काउंटीचे कृष्णवर्णीय आमदार ह्यू केल यांनी ते मांडलं आणि ३ मार्च १८९१ ला शिक्षक घडवणारी 'नॉर्मल स्कूल' मंजूर झाली. जानेवारी १८९२ मध्ये वर्ग भरले तेव्हा मुलं २३, शिक्षक दोन आणि सरकारी तरतूद ९०० डॉलर. १९६९ मध्ये ते विद्यापीठ झालं आणि १९७२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या (यूएनसी) सरकारी समूहात आलं. म्हणजे चॅपल हिल आणि एनसी स्टेट ही मोठी विद्यापीठं ज्या छत्राखाली आहेत, त्याच छत्राखाली.

जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्यानंतर अठराच वर्षांनी, मुक्त झालेल्यांच्या मुलाबाळांसाठी उभ्या राहिलेल्या शाळेत आपला मुलगा जायचा म्हटलं की आवाज मात्र खाली येतो. हे मी भावोजींना तेव्हाच बोलून दाखवलं. ते हसले, पण विषय तिथेच मिटला नाही आणि ते बरंच झालं. कारण तो मिटवायचा असेल तर मुलासमोर, अर्ज भरण्याआधी मिटवायला हवा. चार वर्षं ज्यांच्या अंगणात राहायचं त्यांच्याबद्दल घरात कुजबूज चालू असेल, तर मूल तिथे पाहुण्यासारखं राहतं आणि पहिल्याच वर्षी दुसरीकडे बदली मागतं.

ही स्वस्ताई कुठून आली?

ही गोष्ट माहिती असलेली बरी, कारण तुमच्या चार वर्षांच्या हिशोबाशी तिचा थेट संबंध आहे. २०१० च्या सुमाराला तीन हजारांवर असलेला इथला पट पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आला. २०१४ मध्ये राज्याच्या सिनेटच्या अर्थसंकल्पात एक कलम आलं: ज्या विद्यापीठाचा पट वीस टक्क्यांहून जास्त घसरलाय ते बंद करता येईल का, याचा अभ्यास करा. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण रोख कुणावर आहे हे सगळ्यांना कळलं. ओरड झाली आणि कलम मागे घेतलं गेलं.

दोन वर्षांनी त्याच सिनेटमधून पाचशे डॉलरचा प्रस्ताव आला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आनंदाआधी शंका आली. फी इतकी उतरवली आणि राज्याने फरक भरून दिला नाही तर विद्यापीठ उपाशी मरेल, आणि 'स्वस्तातलं' असा शिक्का बसेल तो वेगळाच. यादीतली दोन एचबीसीयू विरोधामुळे वगळली गेली. त्यांतलं फेएटव्हिल स्टेट पुढे २०२२ मध्ये योजनेत आलं. एलिझाबेथ सिटीसोबत पहिल्यापासून होती ती यूएनसी पेंब्रोक आणि वेस्टर्न कॅरोलायना. फरकाची रक्कम राज्य विद्यापीठांना देतं आणि एलिझाबेथ सिटीचा पट पुन्हा दोन हजारांवर गेला.

दर विधिमंडळाच्या हातात आहे, म्हणून चौथ्या वर्षापर्यंत तोच राहील असं धरून पै न पै बांधून ठेवू नका. आणि ही योजना पदवीसाठी आहे. मास्टर्ससाठी येणाऱ्यांनी पाचशे आणि अडीच हजार हे दोन्ही आकडे विसरावेत.

तुम्ही कोणत्या रांगेत?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि नॉर्थ कॅरोलायनाचे रहिवासी असाल, तर तुमचं काम सोपं. राज्यातला दर मिळतो आणि एफएएफएसए हा अर्ज भरून केंद्र सरकारची मदतही मागता येते. पेल ग्रँट या केंद्राच्या अनुदानाची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. ती पूर्ण मिळाली तर ट्यूशन फिटून राहण्याखाण्याच्या बिलाला हातभार लागतो. मात्र पेल कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. आयटीतल्या दोन पगारांच्या घराने तिची वाट पाहू नये.

एच-४ वरच्या मुलांना केंद्राची मदत अजिबात नाही. पण नॉर्थ कॅरोलायनात एच-१बी आणि एच-४ वाल्यांना राज्याचा रहिवास सिद्ध करता येतो, म्हणजे ५०० चा दर मागता येतो. हे आपल्या लोकांत फार कमी जणांना ठाऊक आहे. अट अशी की राज्यात निदान बारा महिने कायम राहण्याच्या इराद्याने वास्तव्य हवं, आणि मूल आईवडिलांवर अवलंबून असेल तर आईवडिलांचा रहिवास पाहिला जातो.

आता यातली मेख. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या घरांना हे सांगायला नको. तोवर कार्ड आलं नाही तर मुलाला बहुधा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो, आणि एफ-१ वर राज्याचा रहिवास धरला जात नाही. म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात मूल राज्यातल्या दरातून बाहेरच्या दरात जातं. मोठ्या सरकारी विद्यापीठात ही उडी वर्षाला वीस-पंचवीस हजार डॉलरची, कधी त्याहून जास्त असते. इथे ती ५०० वरून २,५००, म्हणजे वर्षाला चार हजार. भावोजींच्या घरी पारडं फिरलं ते याच आकड्यावर, नुसत्या पाचशेवर नाही. मुलाचा एकविसावा वाढदिवस कोणत्या सेमिस्टरमध्ये येतो ते आजच कॅलेंडरवर लिहा आणि वयाच्या गोठवणुकीचे नियम (ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय धरण्याचे) आपल्या घराला लागू होतात का, ते इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

भारतातून एफ-१ वर येणाऱ्यांनी बाहेरच्या दराची रांग धरावी, पण तो दर आपल्या व्हिसाला आणि आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्यावं. फोनवरचं "हो, हो" पुरत नाही. पुण्यातल्या एका सल्लागाराने माझ्या भाचीला "तसल्या युनिव्हर्सिटीत व्हिसा मिळत नाही" असं ठोकून दिलं होतं. नियम असा आहे की संस्था स्टुडंट व्हिसा कार्यक्रमाच्या अधिकृत यादीत असली की आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, देऊ शकते. ती यादी सरकारच्या 'स्टडी इन द स्टेट्स' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. सल्लागाराला कमिशन कुठून मिळतं, हा प्रश्न मी भाचीला विचारायला सांगितला.

हिशोब कागदावर मांडा

ट्यूशन हा बिलातला सगळ्यात लहान आकडा असू शकतो. त्याच्याखाली विद्यार्थी शुल्क, वसतिगृह, जेवणाचा प्लॅन, आरोग्यविमा आणि पुस्तकं येतात. राहण्याखाण्याचा खर्च राज्याबाहेरच्या ट्यूशनहूनही मोठा निघतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' असा तक्ता असतो, त्यात चालू वर्षाचे सगळे आकडे एका जागी मिळतात. जाहिरातीतला आकडा सोडा आणि तो तक्ता छापून घ्या.

विमा हा त्यातला फसवा आकडा. यूएनसी समूहातल्या पूर्णवेळ मुलांना विमा सक्तीचा आहे. आईवडिलांच्या नोकरीच्या विम्यात मूल असेल तर दरवर्षी ठरलेल्या मुदतीत माफीचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. विसरलात तर विद्यापीठाच्या विम्याचा हप्ता बिलात चढतो, आणि तो पाचशेच्या ट्यूशनहून मोठा असतो.

मग सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर जा आणि किती मुलं पदवीपर्यंत पोचतात तो आकडा बघा. तो चॅपल हिलच्या तुलनेत बराच कमी दिसेल, आणि तिथे दचकायला होतं. एवढं ध्यानात घ्या की या विद्यापीठात घरातली पहिलीच पदवी घेणारी आणि पेलवर शिकणारी मुलं फार मोठ्या संख्येने आहेत, आणि पैसे संपले की अशा मुलांचं शिक्षण सुटतं. तरीही आकडा डोळ्यांआड करू नका. ज्या विभागात जायचंय तिथल्या किती मुलांनी चार वर्षांत पदवी घेतली आणि पुढे ती कुठे गेली, हे विभागप्रमुखांना सरळ विचारा. छोट्या विद्यापीठाचा फायदा हा की विभागप्रमुख भेटतात.

विषय: विमान उडवायचं असेल तर

राज्याच्या या कोपऱ्याचं आणि विमानांचं नातं जुनं आहे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला जिथे उड्डाण केलं ते किल डेव्हिल हिल्स इथून गाडीने तासाभरावर. शहरात अमेरिकी तटरक्षक दलाचा मोठा हवाई तळ आहे. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी विद्यापीठांमध्ये या विद्यापीठाची ओळखच चार वर्षांच्या एव्हिएशन सायन्सच्या पदवीमुळे झाली आहे. ड्रोन, म्हणजे मानवरहित विमानांचाही अभ्यासक्रम आहे. बाकी शिक्षणशास्त्र, जीवशास्त्र, गणित, व्यवसाय प्रशासन, समाजकार्य, आपत्ती व्यवस्थापन वगैरे.

वैमानिक व्हायचंय असं म्हणणाऱ्या मुलासाठी क्रम असा. सगळ्यात आधी एफएए या अमेरिकी विमान वाहतूक खात्याची वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणा किंवा फिट्सचा इतिहास निघाला तर तो अर्जाआधी कळलेला बरा. दुसरं, उड्डाणाचा खर्च ट्यूशनमध्ये नसतो. विमानाचे तास, प्रशिक्षक, इंधन, परीक्षकाची फी, सगळं वेगळं. खाजगी परवाना, मग इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवण्याचा), मग व्यावसायिक परवाना असे टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याचा अंदाज विभागाकडून मागा. आणि त्यांनी दिलेल्या तासांत पाचवा हिस्सा आपल्याकडून वाढवा, कारण वादळी हवामानात रद्द झालेल्या उड्डाणांनंतर सराव पुन्हा करावा लागतो. तिसरं, अमेरिकेचा नागरिक नसलेल्याला प्रशिक्षणाआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची तपासणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. हे ग्रीन कार्डवाल्यांनाही चुकत नाही.

चौथं भावोजींना मी दोनदा सांगितलं. अमेरिकी विमान कंपन्या वैमानिक घेताना कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क आहे का, हे आधी विचारतात. ग्रीन कार्डाशिवाय व्यावसायिक परवाना हातात आला तरी कॉकपिट लांब राहतं. भारतात परतायचं तर डीजीसीएच्या परीक्षा वेगळ्या. म्हणून अशा मुलाने एव्हिएशनमधलीच व्यवस्थापनाची किंवा इलेक्ट्रॉनिक्सची बाजू, नाहीतर ड्रोन, हे पर्याय पहिल्या वर्षीच पाहून ठेवावेत. मुलगा माझ्यावर आठवडाभर रुसला होता, पण त्याने विषय तसेच निवडले.

अर्ज

पहिलं काम विद्यापीठाचा अर्ज नसून रहिवासाचा अर्ज आहे. नॉर्थ कॅरोलायनात रेसिडेन्सी डिटर्मिनेशन सर्व्हिस, म्हणजे आरडीएस, ही वेगळी राज्यव्यापी यंत्रणा ते ठरवते. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. शेवटी एक क्रमांक मिळतो, तो विद्यापीठाच्या अर्जात टाकायचा. जवळ काय ठेवायचं? आईवडिलांचे टॅक्स रिटर्न, गाडीची नोंदणी, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार, व्हिसाचे कागद.

मुलाला एकट्याला हा फॉर्म भरायला बसवू नका. भावोजींच्या चिरंजीवांनी 'राज्यात कधीपासून राहता' या रकान्यात आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शेवटचा प्रवेश केल्याच्या नोंदीवरची, तारीख टाकली. म्हणजे काय, तर उन्हाळ्यात आजीला भेटून परत आले ती. त्यामुळे सात वर्षं कॅरीत राहणारं कुटुंब कागदावर तीन महिन्यांचं झालं आणि बाहेरच्या दराचा निकाल आला. फेरविचाराची सोय आहे, मुदतीत कागद जोडले की दुरुस्त होतं. पण त्यात त्यांचे पाच आठवडे गेले.

त्यानंतर कॉलेज फाउंडेशन ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या संकेतस्थळावरून विद्यापीठाचा अर्ज. ऑक्टोबरमध्ये राज्यातली बरीच महाविद्यालयं काही दिवस अर्जाची फी माफ करतात, तो आठवडा गाठा. इथल्या सरकारी शाळेत शेवटच्या वर्षाला असाल आणि जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, २.८ किंवा वर असेल, तर 'एनसी कॉलेज कनेक्ट'चं पत्र घरी येईल. त्यात ज्या विद्यापीठांत थेट जागा देऊ केली जाते, त्यांत एलिझाबेथ सिटी स्टेट आहे. आपल्याकडचे पालक ते पत्र जाहिरात समजून रद्दीत टाकतात. २.८ च्या खाली असाल तर एसएटी किंवा एसीटीचे गुण लागतात.

भारतातून येणाऱ्यांना दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा, पासपोर्ट आणि बँकेचा पुरावा लागेल. प्रवेश मिळाला की आय-२०, मग विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा फी, मुंबईला मुलाखत. मुलाखतीत 'हेच विद्यापीठ का' हे विचारतीलच. "स्वस्त आहे" एवढ्यावर थांबू नका. विषयाचं नाव घ्या.

एकदा जाऊन या

रॅलेपासून तीन तास. हायवे ६४ ने पूर्वेला विल्यम्स्टनपर्यंत, मग १७ ने उत्तरेला. ऑक्टोबरमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसतो, मधूनमधून भुईमूग. भावोजी मूळचे यवतमाळचे. त्यांनी गाडी बाजूला घेतली, एक बोंड हातात धरून पाहिलं आणि गप्प उभे राहिले. हीच शेतं एकेकाळी गुलामांकडून कसून घेतलेली. वाटेत एडेंटन लागतं. गुलामगिरीतून पळून स्वतःची कहाणी लिहिणाऱ्या हॅरिएट जेकब्ज तिथल्या.

कॅम्पसवर रोझेनवाल्ड शाळेची जुनी इमारत आवर्जून बघा. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि सिअर्स या दुकान कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा बांधल्या गेल्या, सगळ्यात जास्त नॉर्थ कॅरोलायनात. रोझेनवाल्डचे पैसे मिळायचे, पण गावालाही आपली वर्गणी आणि श्रम घालावे लागत.

मार्गदर्शक टूर झाली की मुलाला तासभर एकट्याला सोडा आणि तुम्ही कॅफेटेरियात बसा. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना: कोलार्डची पालेभाजी आणि घेवड्याच्या उसळी दक्षिणेत बहुधा डुकराच्या किंवा टर्कीच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवतात. ताट वाढून घेण्याआधी विचारा, वाढणाऱ्या बायका सांगतात. मका भरडून केलेले ग्रिट्स मात्र सांज्यासारखे लागतात, लोणचं सोबत न्या.

शहर छोटं आहे. रेल्वे नाही, विमानतळ आणि भारतीय किराणा यांसाठी तासाभरावरच्या नॉरफोककडे जावं लागतं. गाडीशिवाय पहिलं वर्ष जड जातं. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, वसतिगृह रिकामं करायची वेळ आली तर मूल कुठे जाईल ते ठरवून ठेवा. हेही पालकांना माहीत असावं: एप्रिल २०२१ मध्ये शेरीफच्या माणसांच्या गोळीबारात शहरातला एक कृष्णवर्णीय माणूस गेला. कित्येक दिवस मोर्चे निघाले आणि विद्यापीठाने वर्ग ऑनलाइन केले. मुलांशी यावर बोला. ती तिथे राहणार आहेत.

जमलं तर होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी परत जमतात त्या, आठवड्यात जा. निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या सत्तरीच्या बायका ढोलांच्या तालावर नाचताना दिसतात.

प्रवेशानंतरचं एक किरकोळ वाटणारं काम

राज्याच्या कायद्याने लसीकरणाचा पुरावा सक्तीचा आहे. वर्ग सुरू झाल्यापासून तीस दिवसांत तो पोचला नाही तर नाव कापलं जातं. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर), धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या तारखा हव्यात, नुसती टिकमार्क चालत नाही. आपल्या मुलांची पहिली दोन-तीन वर्षं भारतात गेलेली असली की पंचाईत होते. भावोजींना यवतमाळच्या डॉक्टरांचं पिवळं कार्ड आजीच्या ट्रंकेत सापडलं, फोटो आला. एमएमआरच्या दुसऱ्या डोससमोर डॉक्टरांनी "दिला" असं लिहून सही केली होती. तारीख नव्हती. शेवटी मुलाच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासून तो अहवाल जोडला.